गोवराचा भाग

माझे वडील साठी उलटल्यावर नट झाले. त्याआधी उभं आयुष्य फौजेत गेलं. हवालदार म्हणून घरी आले, आणि वडूजजवळच्या आमच्या गावात ज्वारी, मटकी आणि भावकीशी भांडणं असं त्यांचं छान चाललं होतं. मग गावातल्या जयराजनं मोबाईलवर एक विनोदी मालिका काढली. तिचं नाव 'खटपटे मंडळी'. एक घर, त्यात आजोबा, आजी, मुलगा, सून, नातवंडं आणि दर रविवारी एक नवी खटपट. सगळी गावातलीच माणसं. आजोबांचं, म्हणजे तात्या खटपट्यांचं काम जयराजनं आमच्या आण्णांना दिलं, कारण त्यांच्या मिशा खऱ्या होत्या आणि ते रागावले की गावाला हसू यायचं.

बघता बघता आण्णांचं नावच पुसलं गेलं. बाजारात, एस्टीत, तहसीलदारांच्या ऑफिसात, सगळीकडे "तात्या!" अशा हाका. हंबीरराव हे नाव लाइटबिलावर तेवढं उरलं. आई वैतागायची, "घरात निवडून द्या म्हटलं तर मेथीची जुडी हातात धरत नाहीत आणि तिथं कॅमेऱ्यापुढं भांडी घासतात." पण तीही रविवारी चष्मा पुसून बसायची.

मला आष्ट्यात दिलेली. नवरा शंभूराज फौजेत, सध्या पार सिक्कीमला. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. घरात मी, माझा मुलगा वीरधवल आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. मनुबाई हे त्यांचं नाव गल्लीत वजनानं घेतलं जातं, आणि घर त्यांच्या शब्दावर चालतं. आता व्याह्याचं कौतुक करणारी विहीण कुणी पाहिलीय? पण आमच्या आत्ती त्या मालिकेच्या भक्त होत्या. रविवारी जेवण झालं की पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायच्या, "ह्ये आमचं पाव्हणं."

त्यात गोवराचा भाग सगळ्यांत गाजला. तात्यांच्या नातवाला गोवर निघतो. पोराच्या तोंडावर जयराजच्या बायकोच्या लिपस्टिकचे ठिपके. घरात बया आली, म्हणजे देवीच आली, म्हणून दारावर कडुलिंबाचा डहाळा लागतो, फोडणी बंद होते आणि बाहेरच्या माणसाला आत यायची बंदी. आळणी वरण खाऊन सगळं घर मेटाकुटीला येतं. मुलगा शेतात जातो सांगून फाट्यावर मिसळ हाणून येतो, त्याच्या मिशीला लागलेली तर्री बघून तात्या अंगात आल्यासारखे घुमायला लागतात. आजारी पोराची मात्र चैन. शाळा नाही, अभ्यास नाही, दिवसभर मोसंबी आणि लाड. लस टोचणारी नर्स दारात येते तेव्हा तात्या काठी आपटून विचारतात, "आमाला कोन आलं हुतं टोचायला? मेलो काय आमी?" नर्स पळते, तिची चप्पल अंगणात राहते आणि शेवटी पोरगं उठून हलगीवर नाचतं.

मीही हसले होते, खोटं कशाला बोला. आण्णा काठी आपटतात तेव्हा हसू आवरत नाही. त्या एका वाक्यावर पोरांनी रील काढले, आमच्या इथल्या एका वरातीत ते डीजेवर वाजलं. लसच नसलेल्या काळात किती लेकरं गेली हे वरातीत कोण विचारतो?

पण ते वाक्य आमच्या घरात येऊन बसलं आणि हलेना. वीरधवलची नवव्या महिन्यातली गोवराची लस सर्दीमुळं राहिली होती. पुढच्या खेपेला मी त्याला घेऊन निघाले, तर आत्ती म्हणाल्या, "तुझ्या बाचं तरी ऐक. मेलो काय आमी?" आणि पोट धरून हसल्या. मी वाद घातला. त्या रुसल्या, दोन वेळा जेवल्या नाहीत. शंभूराज फोनवर म्हणाले, "आईचं मन सांभाळ, पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना नेहमी पुढंच राहिला आणि पोरगं दीड वर्षाचं होऊन घरभर पळायला लागलं.

होळी झाली आणि त्याला ताप भरला. डोळे लाल, नाक वाहतंय, कोरडा खोकला. मग कानामागून पुरळ सुरू झालं आणि तोंडावर, छातीवर उतरलं. आत्तींनी बघितल्याबरोबर ओळखलं. "बया आली," म्हणाल्या आणि हात जोडले. दारावर डहाळा लागला, कढई पालथी पडली, घरात आळणी सुरू झालं. अगदी मालिकेतल्यासारखं. फक्त हसण्यासारखं काही नव्हतं. पोर मोसंबी तोंडात घेत नव्हतं, उजेडाकडं बघून किंचाळत होतं.

आत्तींना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी त्याची सेवा केली ती मलाही जमली नसती. स्वतः मीठ सोडलं, त्याच्या अंगावरून पाला फिरवत बसून राहिल्या, मांडी आखडली तरी हलल्या नाहीत. पण औषधाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा. "औशद दिलं की बया आत जाती. आत गेली की पोरगं ऱ्हात न्हाई. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी," असं म्हणायच्या. त्यांनी खरंच काहीतरी बघितलं असणार, आणि त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नसणार.

एक मात्र त्यांनी कडक पाळलं. कुणालाही आत घेतलं नाही. शेजारची क्रांती माझी मैत्रीण, शिराळ्याकडची. तिची मुक्ता सात महिन्यांची, दिवसातला निम्मा वेळ आमच्याच सोप्यात लोळायची. वीरधवल तिला "मुत्ता" म्हणायचा. तिला घेऊन क्रांती नेहमीप्रमाणे आली, तर आत्ती दारातूनच ओरडल्या, "पोरगी घिऊन उंबऱ्याजवळ यिऊ नगंस. बया हाय घरात." तेव्हापासून क्रांती परसातल्या भिंतीपलीकडून विचारायची, "कसं हाय गं त्याला?" आणि मी म्हणायची, "तसंच."

मग तसंच राहिलं नाही. एका सकाळी त्याचा श्वास भाताच्या पेजेसारखा रटरटायला लागला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पाणी पीत नव्हता, रडायचाही बंद झाला होता. मी त्याला उचललं आणि म्हटलं, "आत्ती, मी दवाखान्यात चालले." त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "त्याला घिऊन उंबरा वलांडलास तर मी हिरीत जाईन. मग माझ्या लेकाला काय सांगायचं ते सांग." लोक म्हणतील, ढकलून जायचं. पण त्या बोलल्या तसं करणाऱ्यांतल्या होत्या, आणि शंभूराजचा फोन तीन दिवस लागत नव्हता. मग मी आण्णांना फोन केला. "आण्णा, आत्ता निघा. त्या माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

आण्णांनी एकच विचारलं, "श्वास कसा हाय?" मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

ते जयराजला घेऊन त्याच्या गाडीतून आले. गाडीच्या मागच्या काचेवर काठी उगारलेल्या तात्यांचं मोठं चित्र होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि बातमी आमच्या दारापर्यंत तिच्याआधी पोचली. बायका हातातली कामं टाकून बाहेर आल्या, पोरं मागून पळत सुटली. आण्णा साध्या शर्टात होते, दाढी वाढलेली, तरी काय उपयोग? मिशा त्याच होत्या.

आत्तींनी पदर सावरला. "पाव्हणं, तुमी घरचं, तुमी या. पन बाकीच्यांस्नी आत घिऊ नगा. घरात बया हाय."

माझ्या डोक्यात सणक गेली. पोरगं खांद्यावर धापा टाकतंय आणि आत्ती बयेची चाकरी करतायत! शिवाय माझा एक हिशेब होता. चार माणसांसमोर व्याह्याचा शब्द खाली पाडणं आत्तींना जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. जितकी माणसं जास्त, तितका माझा मुलगा लवकर दवाखान्यात. मी दारावरचा डहाळा ओढून फेकला आणि म्हणाले, "कसली बया, आत्ती? गोवर आहे तो. येऊ द्यात सगळ्यांना. या गं, आत या."

सगळ्या आत आल्या. सोपा भरला. हवेतून पसरणारे रोग हा धडा मी दर वर्षी शिकवते, गोवर त्यात पहिला आहे. त्या वेळी तो माझ्या मनात आलाच नाही. मला फक्त आत्ती दिसत होत्या, आणि त्या जे जे म्हणतील ते सगळं अडाणी वाटत होतं.

क्रांतीही आली. तिच्या कडेवर मुक्ता. "तात्यांबर एक फोटू घिऊ?" तिनं मला हळूच विचारलं. मी मान हलवली. तिनं मुक्ताला आण्णांच्या मांडीवर दिलं. मुक्तानं त्यांची मिशी पकडली आणि खिदळली. मी शेजारीच उभी होते, वीरधवल माझ्या खांद्यावर खोकत होता.

आण्णांनी आत्तींकडं बघितलं. "ईनबाई, पोराला दवाखान्यात न्यायचं. ते गोवराचं सगळं नाटक हुतं. जयराजनं लिवलं, मी बोललो."

बायका हसल्या. आत्तीही हसल्या. "पाव्हण्यांची चेष्टेची सवय काय जात न्हाई," त्या म्हणाल्या.

"चेष्टा न्हाई. आमाला कोन टोचायला आलं हुतं, मेलो काय, असं म्हनलो न्हवं मी?" आण्णांचा आवाज चढला. "मेली की! माझी थोरली भन मेली. ह्याच गोवरानं. माझ्या आईच्या मांडीवर मेली."

सोपा हसून फुटला. कुणीतरी टाळी दिली. मागच्या पोरांनी मोबाईल वर केले. त्यांना वाटलं नवा डायलॉग आहे. आण्णांची एक बहीण लहानपणी गेली हे मला माहीत होतं, कशानं गेली ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. फौजेतून दोन लढाया बघून आलेला तो माणूस त्या हसणाऱ्या बायकांना घाबरला होता. "हसू नगासा!" ते ओरडले, आणि सगळ्यांत मोठा हशा त्यालाच झाला.

मग ते बोलायचे थांबले. मुक्ताला क्रांतीकडं दिलं, उठले, माझ्या खांद्यावरून वीरधवलला घेतलं आणि आपल्या उपरण्यात गुंडाळलं. जाता जाता क्रांतीला म्हणाले, "पोरी, कवा ताप आला तर थांबू नगंस. थेट दवाखाना." मग आत्तींपुढं जाऊन हळू आवाजात म्हणाले, "ईनबाई, वाट द्या."

गल्ली बघत होती. आत्ती बाजूला झाल्या. माझा हिशेब बरोबर आला होता. मी गाडीत बसले तर मागून आत्तीही चढल्या, मी फेकलेला डहाळा मुठीत धरून.

सांगलीच्या दवाखान्यात वीरधवलला ऑक्सिजन लावला. गोवरातून न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर तरुण होते, त्यांनी एका शब्दानं आम्हाला खडसावलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. आत्तींनी कडुलिंबाची पानं उशीखाली सारली. नर्सनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. आण्णा बाहेरच्या बाकावर टॉवेल तोंडावर घेऊन बसायचे, तरी लोक ओळखून फोटोला यायचेच.

पोरगं वाचलं. ज्या सकाळी त्यानं पाण्याची वाटी स्वतः ओढून घेतली, त्या सकाळी मी संडासात जाऊन पोटभर रडले. आण्णांनी त्याच दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून जयराजला फोन धरायला लावला. बहिणीचं सगळं सांगितलं, टोपी काढून हात जोडले, पोरांना लस टोचा म्हणाले आणि बोलता बोलता रडले. त्या व्हिडिओखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. एकानं लिहिलं, 'तात्या, रडायची ॲक्टिंग एक नंबर.' गोवराचा भाग काढून टाक म्हणून आण्णा जयराजच्या मागं लागले, त्यानं काढलाही. पण लोकांच्या फोनमध्ये तो शंभर तुकड्यांनी फिरत होताच.

आम्ही घरी आलो. आणि थोड्याच दिवसांनी भिंतीपलीकडून क्रांतीची हाक आली, "संयोगिता, मुक्ताचं अंग तापलंय गं."

दिवस मोजायची गरजच नव्हती.

क्रांती एक दिवसही थांबली नाही. सासू नको म्हणत असताना म्हणाली, "तात्यांनी सांगितलंय, थेट दवाखाना." त्याच दवाखान्यात. डॉक्टर तेवढे या वेळी दुसरे होते. मी सोबत गेले. मुक्ताचे डोळे लाल झाले होते, मग पुरळ आलं, मग तिच्याही बरगड्यांखाली तो खड्डा पडायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या पंधरवड्यात बाळ गोवर झालेल्या मुलाजवळ आलं होतं का?"

"न्हाई ओ," क्रांती फरशीकडं बघत म्हणाली. "गोवराच्या घरात कोन कशाला जाईल?"

मी तिच्या शेजारी उभी होते. डॉक्टर म्हणाले की एवढ्या लहान बाळाला ही लस देतच नाहीत, आजूबाजूच्या मोठ्या मुलांना दिलेली असली तर त्यातच अशा बाळांचं रक्षण असतं. माझ्या मुलाला दिलेली नव्हती. मी मान खाली घातली आणि तेही सांगितलं नाही.

मुक्ता गेली. त्यांनी सगळं केलं, मी डोळ्यांनी बघितलं. तरी ती गेली. क्रांतीनं तिला दवाखान्याच्या कपड्यात घरी आणू दिलं नाही, पिवळं झबलं घातलं.

गल्लीला कारण लगेच सापडलं. क्रांतीच्या सासू भामाबाई येईल त्याला सांगायच्या, "मनुबाईनं नातू आधी बयेच्या पायाशी ठिवला, मग दवाखान्यात न्हेला, म्हनून वाचला. आमी पयल्याच दिवशी सुया टोचल्या. बया कोपली." ऐकणाऱ्या बायका मान हलवायच्या. मला वाटायचं ओरडून सांगावं, तो इतके दिवस घरात ठेवला म्हणून मरता मरता राहिला. पण तेवढं सांगितलं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग मुक्ताला आलं कुठून?

आत्ती या सगळ्यात एकदाच बोलल्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी म्हनलं हुतं, कुनाला आत घिऊ नगा." त्यांनी भाकरी उलटली. "मी कुनाला सांगायची न्हाई. तू बी सांगू नगंस. झालं ते झालं." त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी माया होती, आणि तीच मला सोसवेना. त्यांच्या बयेतलं खोटं तेवढं मला दिसलं होतं. तिच्यासाठी दार लावून घेणं खरं होतं, आणि मी नेमकं तेच मोडलं होतं.

पुढच्या आठवड्यात नर्सबाई आल्या. गल्लीत गोवर निघाला म्हणून समाजमंदिरात टेबल मांडून बसल्या, शेजारी लसीचा निळा डबा. बायका पोरं घेऊन जमल्या खऱ्या, पण लांब उभ्या राहिल्या. भामाबाई पुढं झाल्या. पांढऱ्या पातळात त्या वाळून गेल्यासारख्या दिसत होत्या.

"माझी नात टोचून मारली," त्या म्हणाल्या. "आता ह्यांची मारायला आलायसा?"

नातीच्या दुःखात असलेल्या म्हातारीला कोण खोटं पाडणार? एक बाई मागं फिरली. दुसरीनं पोराला पदराखाली घेतलं आणि ती निघाली. त्या पोराला खोकला येत होता. मी तो ऐकला.

क्रांती कोपऱ्यात खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं, म्हणून बघितलं नाही.

"भामाकाकी, मुक्ता सुईनं नाही गेली," मी म्हणाले. "गोवरानं गेली. आणि तो गोवर तिला आमच्या घरात लागला. आण्णा आले त्या दिवशी. आत्ती नको म्हणत होत्या, कुणाला आत घेऊ नका म्हणत होत्या. मी दार उघडलं. मी सगळ्यांना आत बोलावलं. माझ्या पोराला लस दिलेली नव्हती, त्याच्याकडून तिला आलं. दवाखान्यानं माझ्या पोराला वाचवलं आणि मुक्तालाही वाचवायला जिवाचं रान केलं. ती फार लहान होती. तुमच्या पोरांना टोचून घ्या. घरी जाऊ नका."

कुणी हसलं नाही. वाटेत थांबलेली ती पदराखालच्या पोराची बाई परत वळली आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागं आणखी एक गेली. मला वाटलं, भामाबाई आता माझ्या अंगावर येतील. यायला हवं होतं, मी तयार होते. पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या सुनेकडं बघत होत्या.

"तू गेलतीस?" त्यांनी क्रांतीला विचारलं. "मला म्हनलीस दारातनं बघून आले. बया असलेल्या घरात आत गेलतीस? तान्ही पोरगी घिऊन? फोटूसाटनं?"

भामाबाईंनी पदर तोंडात धरला आणि एकट्याच घराकडं चालू लागल्या. क्रांती मागून निघाली तेव्हा त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती परसातल्या भिंतीपलीकडं उभी होती. पायाशी पिशवी भरलेली. शिराळ्याहून भाऊ न्यायला येणार होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तिनं हात वर केला.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "पयल्या दिवशी तिला ताप आला तवाच कळलं. तू दार उघडलंस, पन पाय माझं हुतं. मनुकाकी दारातनं वरडल्या हुत्या मला, यिऊ नगंस म्हनून. तरी मी आले."

"क्रांती, मला सांगावंच लागलं. ती पोरं..."

"व्हय. बरं केलंस. वाचतील ती." ती रडत नव्हती, तिचा आवाज अगदी साधा होता. "पन सुईनं गेली म्हनत हुत्या तवर माझी सासू मला कुशीत घिऊन रडायची गं. माझ्यापरीस जास्त रडायची. आता त्या घरात मुक्तासाटनं माझ्याबर रडनारं कोन ऱ्हायलं न्हाई."

तिनं पिशवी उचलली. भाऊ आला होता.